ऱ्हस्व वेलांटी, दीर्घ मुदत

शोरूमने दिलेल्या कोटेशनमध्ये मला सात चुका सापडल्या. इन्शुरन्सच्या स्पेलिंगमध्ये 'ए'च्या जागी 'ई' पडला होता, ॲक्सेसरीजमधला एक 'सी' गळाला होता आणि रजिस्ट्रेशनमध्ये एक 'आर' फुकट खर्च झाला होता. मी खिशातलं लाल पेन काढलं, सातही चुका जागच्या जागी दुरुस्त केल्या आणि कागद सेल्समनच्या हातात दिला. "बापरे, सर! आजवर एवढं बारकाईनं कुणी वाचलं नव्हतं," तो म्हणाला. तीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या माणसाच्या वाट्याला जन्मभरात जेवढं कौतुक येतं, तेवढं त्या एका वाक्यात आलं. त्याच कागदावर आकडेही होते. ते मी तपासले नाहीत. आकड्यांची जबाबदारी आमच्या धंद्यात लेखकावर असते.

गाडी बदलायचा विषय निघाला तो आमची २०१४ची छोटी पेट्रोल गाडी कात्रजच्या चढावर खोकायला लागल्यावर. पंधरा वर्षं झाली की पुन्हा पासिंग, वर पर्यावरण कर, त्याआधीच काढून टाका, असं मेहुण्याचं मत पडलं. त्याने मुहूर्तही सांगितला : मार्च. आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं, टार्गेट गाठायचं असतं, पोरं म्हणाल तो भाव देतात. सल्ला चांगलाच होता. फक्त शोरूममध्ये पाऊल ठेवल्यावर पहिल्याच मिनिटाला मी सांगून टाकलं, "गाडी पाडव्यालाच घरी यायला हवी हं!" आता पाडव्याला गाडी हवी असणारी माणसं पुण्यात काय मी एकटा होतो? घासाघीस करायची तर पितृपक्षात जावं. तेव्हा शोरूममध्ये एसीचा आवाज ऐकू येतो आणि चहाबरोबर बिस्किटंही येतात. पाडव्याच्या तोंडावर तारीख सांगून बसलेलं गिऱ्हाईक म्हणजे उतरवून ठेवलेला नारळ; फोडायचाच काय तो बाकी.

सेल्समनच्या छातीवर 'रिलेशनशिप मॅनेजर' अशी पाटी होती. त्याने गाडीची किंमत सांगायच्या आधी मला विचारलं, "सर, महिन्याला किती बसवायचं?"

प्रश्न किती मायेचा! जणू माझ्या संसाराचा भार तोच उचलणार होता. मी म्हणालो, "तेरा-साडेतेरा हजार." त्या क्षणी माझ्या गाडीची किंमत या विषयावरची चर्चा संपली, हे मला पुढे महिन्याभराने कळलं. हप्ता एकदा ठरला की किंमत कितीही असो, मुदत ताणून ती त्या हप्त्यात बसवता येते. शिंप्याला कंबर सांगितली आणि कापडाचा भाव विचारायचा राहिला, तसं झालं.

मग जुन्या गाडीची तपासणी. व्हॅल्युएटर नावाचा एक अबोल मुलगा आला. त्याने रंगाची जाडी मोजायचं यंत्र दारांवर टेकवलं, बोनेट उघडून आत टॉर्च मारला, डिक्कीतली स्टेपनी उचलली, टायरच्या खाचेत नख घातलं. मागच्या बंपरवरच्या ओरखड्याशी तो इतका वेळ थांबला की मला शरमल्यासारखं झालं. शेवटी त्याने फोटो काढून कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. त्या ग्रुपमध्ये जुन्या गाड्यांचे दलाल असतात. तिथे जो भाव फुटतो त्याच्या बराच खाली राहून शोरूम आपल्याला आकडा सांगतं. मधली फट शोरूमची. हे सगळं माझ्यासमोर चाललं होतं आणि मी त्याला पाणी हवंय का विचारत होतो.

आकडा आला : १,१५,००० रुपये. त्यावर कंपनीचा एक्सचेंज बोनस २०,००० आणि नव्या गाडीवर रोख सवलत ३०,०००.

मी उठून उभा राहिलो. हेही मेहुण्याने शिकवलं होतं. "बारा वर्षं पोटच्या पोरासारखी सांभाळली गाडी," वगैरे बोललो. सेल्समन व्याकूळ झाला. काचेच्या केबिनमध्ये जाऊन मॅनेजरशी बोलला. आम्हाला आवाज येत नव्हता, पण हातवारे दिसत होते. मूकपटच. परत आला तेव्हा जुन्या गाडीचे १,२५,००० झाले होते. मी पुन्हा उठलो. पुन्हा केबिन. असं करत दोन तासांनी मी १,४५,०००वर आणून ठेवलं. तीस हजार चढवले! घरी येताना मी रस्ताभर बायकोला माझेच संवाद पुन्हा ऐकवले.

दुसऱ्या कोटेशनवर रोख सवलतीची ओळ नव्हती. ती गळाली होती. मुद्रितात ओळ गळणं हा आमच्याकडे सर्वांत मोठा गुन्हा. नव्या शिकाऊ मुलाला मी पहिल्याच दिवशी सांगतो की शब्द चुकला तर हसू होतं, ओळ गळली तर नोकरी जाते. ती गळलेली ओळ माझ्या नजरेला पडली नाही. १,१५,०००, २०,००० आणि ३०,००० मिळून १,६५,००० होतात. १,४५,००० आणि २०,००० मिळूनही १,६५,०००च होतात. दोन तासांत मी एक रुपयाही कमावला नव्हता. फक्त डाव्या खिशातला उजव्या खिशात घालून घेतला होता, आणि त्याबद्दल टाळ्या मागत होतो.

दुसरा विजय हँडलिंग चार्जेसचा. ८,५०० रुपये. गाडी यार्डातून शोरूमपर्यंत आणण्याचा हा खर्च गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही, हे मी वाचून गेलो होतो. तसं सुनावल्यावर सेल्समनने माझ्यादेखत ती ओळ खोडली. "तुमच्यासाठी, सर." त्याखाली 'इसेन्शियल किट' नावाची एक वस्तू होती : पायपुसणी, मडफ्लॅप, सीट कव्हर, बॉडी कव्हर. तिचे १२,००० होते ते २०,५०० झाले. इसेन्शियलचं स्पेलिंग मात्र या खेपेला बरोबर होतं. मी शाबासकी दिली.

खरं तर गाडीच्या किमतीतल्या मोठ्या रकमांना कुणाचा हात लागतच नाही. एक्स-शोरूम ९,२०,०००. यात १८ टक्के जीएसटी पोटात असतो, म्हणजे मूळ गाडी सुमारे ७,८०,०००ची आणि कर १,४०,०००. या सगळ्यावर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स ११ टक्के : १,०१,२००. किंमत दहा लाखांच्या वर गेली की ११चे १२ होतात. करावर कर ही आपल्याकडे तक्रारीची नव्हे, मुकाट भरायची गोष्ट आहे. नव्या गाडीवर डीलरला सुटणारा नफा त्या मानाने चिमूटभरच असतो. त्याचं पोट भरतं ते विमा, कर्ज, किट, एक्स्टेंडेड वॉरंटी आणि तुमची जुनी गाडी यांवर. म्हणजे ज्या ओळी आपण कंटाळून शेवटी वाचतो, त्यांवर.

विम्याचं तर माझं मलाच हसू येतं. शोरूमचा विमा ४२,०००चा. बाहेरून घेऊ का म्हटलं तर सेल्समनचा चेहरा पडला. "कॅशलेसला त्रास होतो, सर. बघा बुवा." बघा बुवा म्हटल्यावर पुणेकर बघत नाही, घाबरतो. बाहेरून विमा घ्यायची मुभा असते. पण याहून मोठी गंमत वेगळीच. जुन्या गाडीवर मी कधी क्लेम केला नव्हता. माझा नो क्लेम बोनस पूर्ण ५० टक्क्यांवर होता. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या विमा कंपनीकडून पत्र आणलं असतं तर नव्या गाडीच्या नुकसानभरपाईच्या हप्त्यात तेवढी सूट मिळाली असती. मला वाटलं बोनस गाडीबरोबर जातो. मी तर उदारपणे सांगूनही आलो, "विम्याची मुदत अजून आहे, पुढच्या मालकाला होईल उपयोग."

आता कर्ज. इथे मात्र मला कुणीही फसवलं नाही, आणि हेच दुखणं आहे.

सेल्समन म्हणाला, "फ्लॅट सहा टक्के, सर." माझं घराचं कर्ज साडेआठने चालू. सहा म्हणजे दिवाळीच! आठ लाखांचं कर्ज, सात वर्षं, महिना १३,५२४ रुपये. बघा, तेरा-साडेतेरा म्हणालो होतो, जवळजवळ तेवढंच बसवून दिलं.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४पासून अशा कर्जांना एक मुख्य तथ्य विवरण देणं सक्तीचं केलंय. कर्ज नक्की किती टक्क्यांना पडतं ते त्यात एका आकड्यात लिहावं लागतं, आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. मला ते मराठीत मिळालं. मराठीत! मला भरून आलं. पण काय ते मराठी! 'प्रती महीना', 'वीमा', 'परतफेड' तुटून दोन ओळींत. सगळीकडे 'हफ्ता'. हप्ता बँक घेते, हफ्ता दुसरेच कुणी घेतात, एवढा तरी भेद नको? लाल पेन निघालं. सेल्समन शेजारी बसून फुल्या मारलेल्या जागा दाखवत होता, "इथे सही, सर, इथे सही," आणि मी सहीआधी वेलांट्या बदलत होतो. तिसऱ्या पानावर एक ओळ होती : 'वार्षीक टक्केवारी दर : १०.७९'. मी थांबलो. ती ओळ दोनदा वाचली. 'वार्षीक'ची दीर्घ वेलांटी खोडून ऱ्हस्व केली आणि खाली सही ठोकली.

सहाचे पावणेअकरा कसे झाले ते आमच्या प्रेसमध्ये अकाउंट्स बघणाऱ्या मॅडमनी डबा खाताना सांगितलं. फ्लॅट दराचं व्याज शेवटपर्यंत पहिल्या रकमेवरच लागतं. शेवटच्या महिन्यात माझ्याकडे फक्त एक हप्ता उरलेला असेल, तरी व्याज आठ लाखांवर. सात वर्षांचं ३,३६,०००. वर पाच हजार प्रोसेसिंग फी. "तुमच्या बँकेत नऊ टक्क्यांनी घटत्या शिलकेवर पाच वर्षांचं घेतलं असतं ना काका, तर हप्ता १६,६०७ बसला असता," कॅल्क्युलेटरवर लोणच्याचं बोट लागू नये म्हणून त्या करंगळीने दाबत होत्या, "आणि व्याज एक लाख शहाण्णव." फरक सुमारे १,३९,६००. मी डाऊन पेमेंट केलं होतं १,३९,०००. म्हणजे तेवढंच आणखी एकदा, पण सावकाश.

मग त्यांनी विचारलं, "सगळं मिळून गाडी कितीला पडली?" मी म्हणालो, ऑन-रोड ११,०४,०००. "ते नाही हो. जुनी गाडी धरून, व्याज धरून, फी धरून." त्यांनी बेरीज सुरू केली. मी डब्याचं झाकण लावलं.

माझ्या वडिलांना ही कटकट नव्हती. त्यांच्या काळी आकुर्डीला बनलेली स्कूटर पुण्यातल्याच माणसाला मिळायला वर्षं लागायची. नंबर लागला की गणपती पावला. रंग कुठला हे विचारणं उद्धटपणाचं मानलं जाई. पहिली मारुती ८०० इंदिरा गांधींच्या हस्ते १४ डिसेंबर १९८३ला दिली गेली, तरी रांग संपली नाही. उलट लवकर लागलेला नंबर लोक 'ऑन' घेऊन विकायचे. तेव्हाचा विक्रेता गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघत नसे. आताचा 'सर' म्हणून खुर्ची ओढून देतो. पैसे दोघांनाही आपणच आणून दिले.

पाडव्याला गाडी आली. फुगे, हार, रिमोटने उडणारा कागदी पाऊस आणि माझ्या हातात थर्माकोलची भलीमोठी किल्ली. फोटो काढण्याआधी मी चॅसिस नंबर ताडून बघायचा हट्ट धरला. सतरा अक्षरं. या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधी घेत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. जगात कुठेतरी एका समितीत आपला भाऊबंद बसला असणार! कागदावरचा आणि पत्र्यावरचा नंबर मी अक्षर अक्षर बोट ठेवून मोठ्याने वाचला. बिनचूक जुळला. बऱ्याच गाड्यांत त्यातलं दहावं अक्षर गाडी कुठल्या वर्षी बनली ते सांगतं. माझं दहावं अक्षर 'एस' होतं. 'एस' म्हणजे २०२५. गेल्या वर्षीचा माल, ज्यावर सगळेच सूट मागतात. मी 'एस' खणखणीत आवाजात वाचला. सेल्समन म्हणाला, "करेक्ट, काका." कागदांवर सह्या झाल्यापासून सरचा काका झाला होता.

एप्रिलच्या अखेरीस मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळत होतो. सवय म्हणून, चुका बघायला. एका फोटोत ओळखीचा बंपर दिसला. मागच्या काचेवर आमच्या प्रेसचं स्टिकर तसंच होतं. ओरखडा पॉलिशने गायब. खाली मजकूर : 'डॉक्टरांनी वापरलेली गाडी, सिंगल ओनर, अतीशय उत्तम कंडीशन. १,९५,०००.'

डॉक्टरकीची पदवी मी मान्य केली. पण 'अतीशय' डोळ्यांत खुपत राहिलं. शेवटी रात्री साडेदहाला त्या नंबरवर निरोप टाकला : 'अतिशय'मधला 'ति' ऱ्हस्व हवा.

दोन मिनिटांत उत्तर आलं. "थँक्यू सर. गाडी बघायला कधी येताय? तुमची जुनी असेल तर एक्सचेंजमध्ये घेऊ, महिन्याला किती बसवायचं ते फक्त सांगा."