धानाचा पाय, जवाचं माप

भाच्याचं लग्न आरमोरीला, तेही मे महिन्यात. नवरदेवाचे जोडे घ्यायची जबाबदारी मामाची, म्हणजे माझी. चंद्रपूरच्या एका दुकानात पोराने आधी चमक पाहिली, मग टोक पाहिलं. पाय सगळ्यांत शेवटी आत घातला, आणि तो गेलाच नाही.

आठ नंबर अडला म्हणून दुकानातल्या पोऱ्याने नऊ काढला. नऊमध्ये टाच वर-खाली व्हायला लागली, करंगळी मात्र दबली ती दबलीच. ‘वापरलं का पसरते जी,’ पोऱ्या म्हणाला. अस्सल चामडं थोडंफार पसरतं, कबूल. पण रेग्झिन कुणाच्या बापाचं पसरत नाही. पसरतो तो फोड.

यात पोराचा दोष काय? दर पावसाळ्यात रोवणीला बांधीत अनवाणी उतरलेला पाय तो. बोटं सुपासारखी फाकलेली. आणि आपण दुकानात मागतो तो आठ-नऊ नंबर इंग्रजांनी जवाच्या दाण्यावर बसवलेला आहे. एक नंबर वाढला की लांबी एका दाण्याने, म्हणजे इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याने वाढते. रुंदीबद्दल नंबर अवाक्षर काढत नाही. धान पिकवणाऱ्या मुलखाने आपला पाय जवाने मोजून घ्यायचा आणि वर चावल्याची तक्रार पायाचीच करायची!

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या लाखावर लोकांची पावलं मोजली, तेव्हा आपला पाय युरोप-अमेरिकेतल्या पायापेक्षा रुंद निघाला. म्हणजे रुंदी हवी म्हणून आपण लांबी विकत घेतो आणि मग नाडी करकचून आवळतो. त्यावर उतारा म्हणून 2024 मध्ये ‘भा’ नावाची देशी मापं पुढे आली. मी दुकानदाराला ‘भा’ विचारलं. त्याने भाव सांगितला.

तेव्हा भरवसा घरच्या कागदावर. त्यावर दोन्ही पाय देऊन सरळ उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल फिरवायला सांगायचं. स्वतः वाकलात की माप बदललं. मग दुकानात बूट त्या आकृतीवर ठेवायचा. बुटाच्या तळाबाहेर रेघ दिसली की बूट परत खोक्यात, चमक कितीही असो. जायचं संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय फुगतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर जास्तच. लग्नात घालणार तेच मोजे न्यायचे. दोन पायांत मोठा असेल त्याचं ऐकायचं. नाडीखालची दोन्ही पाखं मोकळी सुटतात तो डर्बी, बुडाशी शिवून बंद असतात तो ऑक्सफर्ड. उंच, रुंद पावलाने डर्बी घ्यावा. ऑक्सफर्डला प्रवेश मिळणं अवघड असतं, हे नावावरूनच ओळखावं.

पैशांचं म्हणाल तर मध्यमवर्गाचा बूट केवढ्याचा असावा हे सरकारनेच ठरवून दिलंय. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीला 5 टक्के जीएसटी, त्याहून महाग जोडीला 18. करापूर्वी 2500 चा बूट 2625 ला पडतो आणि 2600 चा 3068 ला. वरच्या शंभर रुपयांच्या ऐटीला 443 रुपये मोजायचे असतील तर खुशाल मोजा. मी त्या पैशांत तळ शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला, एवढं पाहीन.

हे शहाणपण मला मांडवात आलं. माझे स्वतःचे बूट सहा वर्षांपूर्वीचे, तीनदा घातलेले, खोक्यात जपून ठेवलेले. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, तळ हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो आणि न वापरताही भुगा होतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. वरातीत अर्ध्या वाटेवर उजवा तळ सुटला, अंतरपाट धरताना डावा. सतरंजीवर काळा भुगा पडला होता आणि व्याही काही बोलत नव्हते. मी गुपचूप रबरी स्लिपर मागवल्या.

इकडे साळ्यांनी रीतीप्रमाणे नवरदेवाचे जोडे पळवले. मागणी पाच हजारांची. भाचा खुर्चीत बसून मोज्यातली बोटं हलवत होता. तासाभरात पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर नवरदेवाची कळा आली.

‘ठेवा तुमच्यापाशीच,’ तो म्हणाला.

पोरी दोन हजारांवर आल्या. मग पाचशेवर. निघायच्या वेळी त्या जोडे हातात घेऊन, काही नको म्हणत गाडीपर्यंत धावत आल्या. तोवर भाच्याने माझ्या स्लिपर पायात अडकवून काच वर केली होती.