सही वरची, सजा खालची

ऑक्टोबर 2023. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यातली 12 नवजात बाळं. लगोलग खासदार आले आणि कॅमेऱ्यांसमोर त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करून घेतलं. औषधं पुरेशी होती, असं प्रशासन सांगत होतं. नातेवाईक बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या दाखवत होते. मागणीपत्र कधी गेलं, पैसे कधी सुटले, फाइल कोणाच्या टेबलावर थांबली, याची चौकशी शौचालयात होत नसते. तिथे फक्त एका डॉक्टरचा अपमान झाला. खरेदी, निधी आणि रिक्त पदांचे प्रश्न विचारायला मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

अधिष्ठाता असो वा जिल्हा शल्यचिकित्सक, रुग्णालय त्यांच्या नावावर आणि तिजोरी दुसऱ्यांच्या ताब्यात. मोठी खरेदी 2017 पासून हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली. तक्रारी थांबेनात, म्हणून 2023 मध्ये खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. स्थानिक खरेदीला मर्यादेचं कुंपण. यंत्र बंद पडलं, तर देखभालीच्या कराराला मान्यता हवी आणि ती वरूनच यायची.

पैशांचं वेळापत्रक तर रुग्णाच्या मुळावर उठलेलं. मंजूर तरतूद टप्प्याटप्प्यानं सुटते आणि मोठा हप्ता नेमका मार्चच्या तोंडावर येतो. मग बिलं कोषागारात टाकायची धावपळ, कारण 31 मार्चनंतर उरलेला पैसा परत. जे लवकर मिळेल ते घेतलं जातं. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात तेव्हा वॉर्डातली सिस्टर सलाईनचा सेट मेडिकलमधून आणायला सांगते. मजुरी बुडवून आलेला बाप खिसा चाचपतो आणि शिव्या त्या सिस्टरला देतो. तिच्यापलीकडचं कोणी त्याला दिसतच नाही.

सरकारलाही दिसत नाही बहुतेक. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागली, किमान 11 रुग्ण दगावले. अटक झाली एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. ड्युटीवरच्या माणसाची चूक असेल तर ती तपासा, जरूर तपासा. पण आग विझवण्याची यंत्रणा बसवायला पैसे मंजूर करणं हे रात्रपाळीच्या सिस्टरचं काम नाही. ज्यांचं ते काम आहे, त्यांना कोठडी सोडाच, साधी नोटीस गेल्याचंही ऐकिवात नाही.

ज्याच्या सहीवाचून औषध येत नाही, त्याचंच नाव औषध न आल्यावर चौकशीत पहिलं यायला हवं. आणि ज्याला जबाबदार धरायचं, त्याच्या हातात वर्षाच्या सुरुवातीलाच पैसा आणि खरेदीचा अधिकार द्यायला हवा. दोन्हीपैकी एकही न करता निलंबनाचे आदेश काढणं हा शुद्ध पळपुटेपणा आहे.

तुमच्या जिल्हा रुग्णालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 10 रुपये लागतात, 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. तीनच तारखा मागा: औषधांची मागणी कधी केली, निधी कधी मिळाला, माल कधी आला. आणि प्रत्येक तारखेपुढे सही करणाऱ्याचं पदनाम मागायला विसरू नका.