तुरळक ठिकाणी वसंत

रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च या काळाला पंचांगात वसंताची चाहूल, कृषी पत्रकात ‘मोहोर व फळधारणा अवस्था’ आणि बागायतदाराच्या घरात औषधाच्या उधारीचे दिवस म्हणतात. पहाटे जगबुडी नदीच्या खोऱ्यात धुके उतरते, पानांवर दंव साचते, गोधडी सोडवत नाही. दुपारी पारा छत्तिशीकडे सरकतो आणि कौले तापतात. हिवाळा आणि उन्हाळा एकाच दिवसात उरकण्याची ही सोय हापूसच्या कलमाला मानवत नाही. थंडी लांबली की ते फळ धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर काढते आणि आधीची वाटाण्याएवढी फळे गाळून टाकते. याला पुनर्मोहोर म्हणतात. जुनी योजना अर्धवट टाकून नवी जाहीर करण्याची सवय कलमांनी कोणाकडून उचलली, यावर संशोधन व्हायचे आहे. उपाय म्हणून जिबरेलिक ॲसिडची ५० पीपीएम फवारणी सुचवलेली आहे. ती फक्त झाडांसाठी आहे.

तालुक्याची ठेवण हवामानाच्या दृष्टीने अडचणीची. पूर्वेला रसाळगड, सुमारगड, महिपतगड यांना खांद्यावर घेतलेली सह्याद्रीची भिंत, मध्ये डोंगरांच्या खोलगट भागात वसलेले शहर आणि स्वतःचा समुद्रकिनारा नाही. सकाळी घाटावरून उतरलेला कोरडा वारा वाहतो. पश्चिमेचा खारा वारा किनाऱ्यावरून निघून येथे पोचेपर्यंत दुपार होते आणि पूर्वेचा जोर असेल त्या दिवशी तो आणखी रेंगाळतो. उशिराच्या बाबतीत त्याला मुंबई–गोवा महामार्गाची सर नाही, पण प्रयत्न प्रामाणिक असतो. गावात गरम पाण्याचे कुंड आहे. तालुक्यातील उष्णतेचा तेवढा एकच साठा असा, की ज्याविषयी कोणी अंदाज वर्तवत नाही आणि तो चुकतही नाही.

हवामानाचे आकडे भारतीय हवामान विभागाकडून येतात आणि शेतकऱ्यासाठी सल्ला दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातून. ग्रामीण कृषी मौसम सेवेचे पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघते व पुढच्या पाच दिवसांचा हिशेब देते. दापोली पठारावर आहे, समुद्राच्या वाऱ्याला जवळ आहे. खेडचा माणूस उन्हाने हैराण झाला की गार हवेसाठी जेथे जातो, तेथूनच त्याला कडक उन्हात काय करावे ते कळवले जाते.

अंदाजाची भाषा हे स्वतंत्र शास्त्र आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातील एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत आणि ‘बहुतेक ठिकाणी’ म्हणजे त्यापुढे. व्याख्या चोख आहे. अडचण एवढीच, की शेतकऱ्याचे ठिकाण एकच असते. ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ असे सांगितल्यावर पाऊस बागेत पडला तर बाग तुरळक ठरते. नाही पडला तर तुरळक ठिकाण शेजारच्या वाडीत होते. दोन्ही बाजूंनी अंदाज खरा ठरतो. वकिलांनाही इतका पक्का मसुदा क्वचितच जमतो. ‘हलका’ शब्दाची मर्यादा २.५ ते १५.५ मिलिमीटर इतकी ऐसपैस आहे. खालच्या टोकाला मोहोरावरचे औषध धुऊन जाते, वरच्या टोकाला मोहोरच. पत्रकात दोन्ही हलकेच.

ढगांसाठी आकाशाचे आठ भाग करून त्यांपैकी किती झाकले ते सांगण्याची पद्धत आहे. आठ वाटे हा प्रकार खेडच्या शेतकऱ्याला बुजवत नाही. त्याच्या सातबाऱ्यावर याहून अधिक नावे असतात आणि त्यांतली निम्मी मुंबईला असतात. मात्र तो ढग मोजत नाही. तो ‘मळभ आलं’ म्हणतो आणि पंपाकडे बघतो, कारण दोन दिवस मळभ राहिले की मोहोरावर तुडतुडे वाढतात, सोबत भुरी आणि करपा येतात, आणि हे सगळे पाहुणे पाच दिवसांचे वेळापत्रक न वाचता येतात.

यापुढे सल्ला येतो. ‘पावसाची शक्यता लक्षात घेऊन, वारा शांत असताना, शिफारशीनुसार फवारणी करावी.’ या वाक्यात काहीही चूक नाही. ते अमलात येते ते असे: एचटीपी पंप आदल्या रात्री शेजाऱ्याकडून आणलेला, कारण बागायतदाराचा स्वतःचा दुरुस्तीला गेलेला. पाण्याची टाकी टेम्पोतून डोंगरावर चढवलेली. औषधाची बाटली दुकानातून वहीवर नाव लिहून घेतलेली. झाडाखाली पंपाशी एक जण, लांब नळी ओढणारा एक आणि बांबूला बांधलेली तोटी शेंड्याकडे धरून उभा एक. तिघांची मजुरी चालू. सात वाजता पानांवर दंव आहे म्हणून थांबतात. साडेआठला दंव सुकते. नवाला पंप सुरू होतो आणि तिसऱ्या झाडाला पूर्वेचा वारा सुटतो. औषध फवारणाऱ्याच्या तोंडावर, बांधापलीकडच्या काजूवर आणि वाळत घातलेल्या लुगड्यावर समप्रमाणात पडते. ‘वारा शांत असताना’ ही अट पाळण्यासाठी खेडमध्ये दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास उपलब्ध असतो, आणि शिमग्याच्या दिवसांत तेवढाही नसतो. पालखी दारात येणार असते, चाकरमानी घरी आलेले असतात, मजूर खेळ्यांत असतात. तुडतुड्यांना शिमग्याची सुटी नाही, हे पत्रकात नमूद नाही.

फळ गोटीएवढे झाले की त्यावर २५ × २० सेंटिमीटरची कागदी पिशवी चढवण्याची शिफारस आहे. बऱ्याच बागांत या पिशव्या रद्दी वर्तमानपत्राच्या असतात. हवामानाचा अंदाज पीक असलेल्या नेमक्या ठिकाणी पोचण्याचा हा एक खात्रीचा मार्ग होय.

उष्णतेच्या लाटेचे नियम आणखी काटेकोर. किनारी भागात कमाल तापमान ३७ अंश गाठावे आणि ते सरासरीहून किमान ४.५ अंशांनी जास्त असावे. शिवाय उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तसे घडावे, तेव्हा दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. हा उपविभाग ‘कोकण-गोवा’, म्हणजे पालघरपासून काणकोणपर्यंत. तेव्हा एकट्या खेडमध्ये काजूची बोंडे देठावर सुकली आणि कैऱ्यांचा झाडाखाली सडा पडला, तरी त्याला लाट म्हणता येत नाही. तो खासगी उकाडा. फेब्रुवारी २०२३ मध्ये हवामान विभागाने कोकणात लाटेचा इशारा दिला आणि थोड्याच दिवसांत मागे घेतला. त्या महिन्याचे देशातील सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या फेब्रुवारींत सर्वाधिक निघाले. इशारा मागे घेता येतो; गळलेली कैरी परत देठाला लावण्याची तरतूद अद्याप नाही.

नुकसानीसाठी हवामान आधारित फळपीक विमा आहे. यात पंचनाम्याऐवजी महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद धरली जाते: अवेळी पाऊस, कमी-जास्त तापमान, वारा, यांनी ठरलेली पायरी ओलांडली की भरपाई. म्हणजे पाऊस बागेत पडून भागत नाही; तो मंडळाच्या पर्जन्यमापकात पडावा लागतो. डोंगराच्या अलीकडे केंद्र आणि पलीकडे कलमे असली, तर पावसाने केंद्र कोणत्या बाजूला आहे याची आधी चौकशी करावी, अशी अपेक्षा असते. तापमानाबाबत सलग दिवसांची अट आहे. मधल्या एका दिवशी आभाळाने दम खाल्ला, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

पर्यायी अंदाजांची खेडमध्ये कमतरता नाही. पाडव्याला वाचल्या जाणाऱ्या संवत्सरफलात पाऊस आधीच वाटून दिलेला असतो: मोठा वाटा समुद्राला, त्याखालोखाल डोंगराला, उरलेला जमिनीला. यात निदान कोणाची फसवणूक नाही. काही गावांत होळीचे झाड कोणत्या दिशेला पडते यावरून वर्ष ओळखतात. तरुण मंडळी मोबाइल पाहतात. तेथे नुसते ‘खेड’ टाकले की सह्याद्रीपलीकडचे, राजगुरुनगरवाले खेडही हजर होते. पुणे जिल्ह्यातील कांदा-बटाट्याला योग्य असे हवामान मग रत्नागिरीच्या हापूसला लागू करून पाहिले जाते. ते हवामान विभागाच्या आकड्यांपेक्षा फार वाईट निघत नाही, असा एक मतप्रवाह चहाच्या टपरीवर आहे.

शासनही स्वस्थ बसलेले नाही. शेतकऱ्याच्या अधिक जवळ जाण्यासाठी २०१८ पासून देशभर १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडण्यात आली आणि २०२४ साली ती बंद करण्यात आली. मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली नवी अंदाज प्रणाली आली. तिने देशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडले. पूर्वी ते बारांचे होते. प्रगती मोठी आहे. खेडमध्ये अशा एका चौकोनात एक नदी, दोन डोंगर आणि पाच-सहा वाड्या सहज मावतात. डोंगराच्या दोन बाजूंना दोन हवामाने असतात, पण चौकोनाला एकच मिळते. केंद्रात माणूस नाही आणि चौकोन मात्र बारीक, अशी ही रचना आहे.

एप्रिलच्या मध्यास मान्सूनचा पहिला दीर्घकालीन अंदाज जाहीर होतो आणि वसंताचे हे प्रकरण दप्तरी दाखल होते. सगळ्यांचे लक्ष टक्क्यांकडे जाते. २०२५ साली सरासरीच्या १०५ टक्के पाऊस सांगितला होता. देशाची ही हंगामी सरासरी ८७ सेंटिमीटर. खेडमध्ये एवढा पाऊस एकट्या जुलैत पडतो. तोवर जगबुडीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोक्याची ७ मीटर, हे आकडे बाजारपेठेत पुन्हा तोंडपाठ होऊ लागतात आणि बागायतदार पुढच्या मोहोरासाठी दुकानदाराची वही मिटवायला जातो.