पुढेकर

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण सोसायटीत सगळे त्यांना पुढेकर म्हणतात. गाडीत बसून हॉटेल शोधणारा माणूस किती चोखंदळ असू शकतो, हे पाहायचं असेल तर त्यांच्याबरोबर पुणे-कोल्हापूर करावं. अंतर जेमतेम 230 किलोमीटर, पण पोटाला ते पंढरीच्या वारीइतकं वाटतं.

कात्रजचा बोगदा मागे पडला की सौ. पुढेकर चहाचं नाव काढतात. "इथे कुठे? खेड-शिवापूरला बघू." खेड-शिवापूरला टोलची रांग पाहून शिरवळ ठरतं. शिरवळला वड्याच्या दुकानापुढे ही गर्दी! "सकाळपासून तेच तेल उकळत असणार." शेजारचं हॉटेल रिकामं. "आत काळं कुत्रं नाही, म्हणजे सगळं शिळं." गर्दी बाद, सामसूमही बाद, मग राहिलं काय? "अगं, पुढे एक मस्त आहे." खंबाटकीला साताऱ्याकडे जाताना घाट चढायचा आणि येताना बोगद्यातून यायचं, हे ते दर खेपेला नव्यानं समजावतात. घाटात निदान हॉटेलावर मत द्यायची जबाबदारी नसते.

सौ. पुढेकरांनी आशा केव्हाच सोडलीय. त्यांच्या पायाशी स्टीलचा डबा असतो. नवरा गिअर बदलतोय तेवढ्यात त्या धपाट्याची सुरळी करून, आत लसणीची चटणी लावून त्याच्या तोंडाशी धरतात. ते खातात, बोटं चाटतात आणि म्हणतात, "हे जेवण नव्हे हं, जेवायला पुढे थांबायचंय."

बघायच्या जागा मात्र बाई ठरवतात. लिंबफाटा आला की "अहो, वळा!" आणि पुढेकर निमूट वळतात. तिथली बारा मोटांची विहीर 1719 ते 1724 या काळात बांधलेली, अष्टकोनी. पायऱ्या उतरून कमानीखालून गेलं की विहिरीतच चक्क महाल. वर मोटा चालवायच्या जागा अजून दिसतात. मी बरोबर होतो त्या खेपेला बाई कोरीव काम पाहत होत्या. पुढेकरांनी काठावरच्या एका आजोबांना गाठलं. "इथे मिसळ कुठे चांगली मिळते?"

आजोबांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "पुढं मिळंल की."

इतका आनंदलेला माणूस मी पाहिलेला नाही.

साताऱ्यात कंदी पेढे घेतले. डबा उघडायचा नाही, आधी अंबाबाईला दाखवायचे. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, त्या प्रीतिसंगमावर भेळवाला होता, पण भेळ काय ती कोल्हापूरचीच. स्थळं बघतानाही असंच होतं का, असं मी बाईंना घाटावर विचारलं. "माझ्या आधी सतरा जणींना 'पुढे बघू' झालं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्यापुढे रस्ताच संपला."

कोल्हापुरात पोचेस्तोवर चार वाजले. मिसळीचा कट संपलेला. पुढेकरांनी लॉजवर उरलेले धपाटे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मात्र मिसळ समोर आली: लालभडक कट, वर कांदा, बाजूला पाव नव्हे तर ब्रेडच्या स्लाइस. पहिल्याच घासाला पुढेकरांच्या टकलावर घाम आला. "फर्मास! पण निपाणीच्या जरा पुढे..."

बाईंनी टेबलावरची गाडीची किल्ली उचलून पर्समध्ये टाकली आणि पोऱ्याला हाक मारली, "दादा, इकडे अजून कट आण रे!"