नेस्कोतलं एक मत

गोरेगावात राज्यशास्त्राचं शिक्षण फुकट मिळतं. स्टेशनबाहेरच्या टपरीवर, सलूनमध्ये, सकाळी आरे रोडला फिरून आलेल्या काकांच्या घोळक्यात निवडणुकीचे निकाल मतदानाआधीच लागलेले असतात. सुहास पळशीकरांसारख्या प्राध्यापकाने उभी हयात पक्ष आणि निवडणुकांच्या अभ्यासात घालवली आणि तरी ते इतकं जपून बोलतात, याचं या काकांना नवल वाटतं. ‘एवढं शिकून यांना नक्की सांगता येत नाही?’ काकांना सगळं नक्की सांगता येतं. निकालानंतर तर फारच नक्की.

अभ्यासकांची रीत वेगळी. दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेचा ‘लोकनीती’ हा उपक्रम १९९७ मध्ये सुरू झाला. मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावं काढायची, मतदानानंतर त्याच माणसाचं घर गाठायचं आणि प्रश्नावली पुढे ठेवायची. मत कुणाला दिलं हे मात्र तोंडी विचारत नाहीत. नमुन्याची मतपत्रिका हातात देऊन ती खूण करून डब्यात टाकायला सांगतात. पद्धत उत्तम आहे, पण ज्याने ती शोधली त्याला गोरेगावचे टॉवर ठाऊक नसावेत. इथे आधी वॉचमन, मग वहीत नाव-नंबर, मग इंटरकॉम, मग पीपहोलमधून एक डोळा. पहिला प्रश्न विचारायच्या आत ‘आम्हाला काही घ्यायचं नाहीये’ हे उत्तर आलेलं असतं.

समजा, दार उघडलंच. मग एक ठरलेला प्रश्न येतो: मत देताना तुम्ही पक्ष पाहिला की उमेदवार? दिसायला साधा, पण गोरेगावकराला घाम फोडणारा. १९७७ मध्ये इथल्या मृणालताई गोरे उत्तर मुंबईतून जनता पक्षातर्फे लोकसभेवर गेल्या. ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा तेव्हाची. पाण्यासाठी हंडे घेऊन त्यांच्या मागे चाललेल्या बाईने मत मृणालताईंना दिलं, जनता पक्षाला दिलं, की आणीबाणीच्या विरोधात दिलं? तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, ‘नळाला दिलं.’ प्रश्नावलीत तसा रकाना नसतो.

२०२४ मध्ये तर प्रश्नच गोंधळला. गोरेगाव ज्यात येतं त्या वायव्य मुंबई मतदारसंघात खासदार गजानन कीर्तिकर शिंदे यांच्या शिवसेनेत, तर चिरंजीव अमोल कीर्तिकर ठाकरे यांच्या शिवसेनेचे उमेदवार. त्यांच्यासमोर शिंदे यांच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर, जे मार्चपर्यंत ठाकरे यांच्याच पक्षात होते. मोरिस दुवर्जे या फ्रेंच अभ्यासकाने १९५१ मध्ये मांडलं होतं की, आपल्यासारख्या मतदान पद्धतीत हळूहळू दोनच पक्ष उरतात. आमच्याकडे दोन उरले खरे, पण एकाच पक्षाचे दोन.

४ जूनला मतमोजणी गोरेगावातच होती, नेस्को प्रदर्शन केंद्राच्या आवारात. मतदान यंत्रांतली मतं मोजून झाली तेव्हा कीर्तिकर पुढे होते. किती मतांनी? एका! ४,५१,०९५ विरुद्ध ४,५१,०९४. मग टपाली मतं मिळवली आणि वायकर ४८ मतांनी विजयी झाले. ‘नोटा’चं बटण दाबणारे त्याच मतदारसंघात पंधरा हजारांच्या वर होते.

अँथनी डाउन्स या अमेरिकन अभ्यासकाने १९५७ च्या ग्रंथात एक कोडं घातलं होतं. एका मताने निकाल फिरण्याची शक्यता जवळजवळ शून्य, मग हिशेबी माणूस उन्हात रांगेत उभा राहतो कशाला? आमच्या शहरातल्या बऱ्याच हिशेबी माणसांनी हे पुस्तक न वाचताच पाळलं. मतदानाचा दिवस, २० मे, सोमवार होता, शनिवार-रविवार जोडून आले होते, आणि गाड्या अलिबागच्या दिशेने लागल्या होत्या. मतदारसंघातल्या साधारण निम्म्याच मतदारांनी मत दिलं. ‘माझ्या एका मताने काय होणार?’ असं म्हणून गेलेल्यांपैकी पन्नासजण मागे राहिले असते, तर निकाल उलटाही लागू शकला असता. अर्थात कुठल्याही एकट्या माणसाचं मत इथेही निर्णायक ठरलं नाही, हे डाउन्सचे चाहते लगेच दाखवून देतील. त्यांचं गणित बरोबर आहे. पण यंत्रांच्या मोजणीत खरोखर एका मताचाच फरक निघाला होता, तेवढ्यापुरतं गोरेगावने त्या गणिताला दरदरून घाम फोडला, हेही बरोबर आहे.

तेव्हा दोन विनंत्या. सोमवारी मतदान असेल तर अलिबागला मंगळवारी जा. आणि नंतर कुणी प्रश्नावली घेऊन दाराशी आला, तर त्याला आत घ्या. तो काहीही विकायला आलेला नसतो. तुम्ही खरं सांगितलंत तर निदान त्याचा अंदाज टपरीवरच्या काकांपेक्षा बरा निघेल.