फ्यूजमुक्त जीप

१९४७ साली मुंबईत जीपची जुळणी सुरू झाली. तेव्हापासून रखडलेलं एक शास्त्र अखेर बुलढाण्यात पूर्णत्वाला गेलं, याची नोंद व्हायलाच हवी.

आमच्या जुन्या जीपचा फ्यूज सारखा उडायचा. एखादी वायर घासून बॉडीला लागत असेल, अशी आमची अडाणी समजूत. मिस्त्री हसले. "भाऊ, वायर चांगली हाय. फ्यूजच लई नाजूक." वायर पेटण्याआधी स्वतः वितळायचं, ही कसली मर्दुमकी? त्यांनी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून फ्यूजच्या जागी कोंबला. त्यानंतर उडणं नाही.

तेच सूत्र आम्ही पुढे नेलं. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जायचा. त्याची वायर उपटली, इंजिन थंड झालं. ऑइलचा दिवा लागायचा. बल्ब काढला, ऑइल भरलं. डॅशबोर्डवर आता तक्रार म्हणून उरली नाही.

परवा राजूर घाटात डॅशबोर्डमागून धूर आला. पाठोपाठ सीटचा काथ्या पेटला, मग ताडपत्री. रस्त्याकडेला उभं राहून मिस्त्रींना फोन लावला.

"फ्यूज उडाला का?"

"नाही."

"मंग गाडीत काही बिघाड नाही, भाऊ."