एकट्यानं गेलात तर पूर्ण तिकीट

लांबच्या गाडीचं सगळ्यांत स्वस्त तिकीट कसं काढावं, याचं उत्तर रेल्वेच्या सवलतींच्या तक्त्यात एका ओळीत दिलेलं आहे. पाय अधू असावा आणि बरोबर कुणीतरी असावं. नुसता पाय अधू असून भागत नाही. अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपरमध्ये ७५ टक्के सवलत आहे खरी. पण ‘हा सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही’ असं सरकारी डॉक्टरनं ठरलेल्या नमुन्यात लिहून दिलं तरच. कॅलिपर बांधून, कुबडी काखेत मारून, शहरातून लालबागच्या स्टेशनापर्यंत एकटाच येणारा बुऱ्हाणपूरकर या ओळीत बसत नाही. तो धडधाकट. निदान तिकिटाच्या खिडकीपुरता तरी.

हिशेब करून पाहू. स्लीपरचं मूळ भाडं समजा ४०० रुपये. त्यावर आरक्षणाचे २० आणि सुपरफास्टचे ३०. सवलत फक्त मूळ भाड्यावर मिळते, वरचे ५० सगळ्यांनाच भरावे लागतात. एकट्यानं जाऊ शकणाऱ्या अपंगाचे झाले ४५०. ज्याच्या कागदावर सोबती आहे त्याचे १०० अधिक ५०, म्हणजे १५०. सोबत्यालाही तेवढीच सवलत, म्हणून त्याचेही १५०. म्हणजे दोन माणसं दोन बर्थवर आडवी होऊन ३०० रुपयांत जातात आणि एक माणूस एका बर्थवर ४५० रुपयांत. मधले दीडशे कसले? रेल्वे त्याला भाडं म्हणते. ‘स्वतःच्या पायावर उभा राहा’ हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्याचा दर इतक्या नेमकेपणानं आजवर कुणी सांगितला नव्हता.

तेव्हा शहाण्या माणसानं आधी सोबती शोधावा. सोबत्यानं करायचं काय, याबद्दल तक्ता गप्प आहे. त्यानं बॅग उचलली पाहिजे असं नाही, हात दिला पाहिजे असं नाही. वरच्या बर्थवर चादर ओढून तो घोरत पडला तरी खालचा माणूस सवलतीला पात्रच राहतो. अडचण एवढीच की बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचं गाव. इथे माग सोडून दोन दिवस कुणाच्या बरोबर जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवायची, आणि ती मजुरी तिकिटात धरली की आपलं सगळ्यांत स्वस्त तिकीट गाडीतलं सगळ्यांत महाग ठरतं. बरं, सोबती मिळाला, कागद मिळाला, पण घरात कुणी अचानक गेलं आणि उद्याच निघायचं झालं, तर तत्काळमध्ये सवलत नाही. जो पाय आगाऊ आरक्षणाच्या दिवशी अधू होता, तो गाडीच्या आदल्या दिवशी अकरा वाजता खडखडीत बरा होतो. वैद्यकशास्त्रानं याची नोंद घ्यायला हवी.

इथवर हसता येतं. पुढे येत नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. रेल्वेच्या सवलतीत अपंगांचे प्रकार राहिले चार. त्यांतला अंध ‘पूर्ण’ अंध हवा. हातभर अंतरावरची पाटी धूसर दिसत असेल तर पूर्ण भाडं भरा. कर्णबधिराला ५० टक्के सवलत आहे, पण त्याला बोलताही येता कामा नये. दोन्ही व्यंगं एकाच व्यक्तीत असावीत, अशी स्पष्ट अट आहे. ही अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय होतं? एक बहिरा, एक मुका, दोघांनी मिळून एक तिकीट काढू नये, ही काळजी? ज्या आईनं वर्षानुवर्षं खपून बहिऱ्या पोराला चार शब्द बोलायला शिकवलं, तिला हा तक्ता सांगतो की बाई, तू सवलत घालवलीस. ही काटकसर नव्हे, हा कोडगेपणा आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: अटी सैल केल्या तर खोट्या प्रमाणपत्रांचा सुळसुळाट होईल. पण खोटं प्रमाणपत्र काढणारा ‘सोबत्याशिवाय जाऊ शकत नाही’ हे वाक्यही त्याच पैशांत लिहून घेतो. अट अडवते ती खरं बोलणाऱ्याला. शिवाय मोजमाप आधीच झालेलं आहे. कायद्यानं ४० टक्क्यांची रेघ मारून दिली आहे आणि इथून हाकेच्या अंतरावर, महाराष्ट्रात, एसटीला तेवढी रेघ पुरते. दुसरं उत्तर, जो एकटा जाऊ शकतो त्याला मदतीची गरजच काय? गरज आहे, कारण बस जिथे सोडते तिथून त्याला रिक्षा करावी लागते, इतर जण जिना चढतात तिथे त्याला हमाल लागतो. तो एकटा जातो म्हणून त्याचा प्रवास स्वस्त होत नाही, महागच होतो.

राहिला कागद. जिल्ह्याचं वैद्यकीय मंडळ मध्य प्रदेशचं, रेल्वेचा विभाग भुसावळचा, म्हणजे महाराष्ट्रातला. मंडळाचं प्रमाणपत्र आहे, त्यावर केंद्राचं दिव्यांग कार्ड आहे; तरी रेल्वेला सवलतीचा आपल्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो आणि घरबसल्या तिकीट काढायचं तर रेल्वेचं स्वतःचं आणखी एक ओळखपत्र. अर्ज आता ऑनलाइन करता येतो, ही प्रगतीच. पण याच लालबागजवळ चारशे वर्षांपूर्वीचा कुंडी भंडारा आहे. शंभरावर कुंड्या जमिनीखालून जोडलेल्या, पाणी नुसत्या उतारानं एकीतून दुसरीत जातं. आपण पाणीच आहोत, हे त्याला प्रत्येक कुंडीत नव्यानं सिद्ध करावं लागत नाही.

आणि रेल्वे तोट्यात आहे, हे शेवटचं उत्तर तर तिकिटावरच छापून आलं. प्रवाशाच्या भाड्यातून सरासरी ५७ टक्केच खर्च निघतो, असं ते तिकीट सुनावत असे. उपकार मोजून सांगायची सवय आहेच, तर एक ओळ आणखी छापावी. कुबडीवाल्याच्या तिकिटावर, बर्थच्या नंबराखाली, ठळक अक्षरांत: ‘यात १५० रुपये एकटा आल्याबद्दल.’